दोन टीबीच्या पेनड्राइव्हने बाबांची नाटकं नेली

बाबा वेंगुर्ल्यात लग्नाच्या शूटिंगचं काम करायचे, पण जीव सगळा दशावतारात. २००५ ते २०१६ या काळात आजूबाजूच्या गावांच्या जत्रांतली वीस नाटकं त्यांनी पहिल्या गणपतीपासून पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत अख्खी टिपून ठेवली. एका डीव्हीडीत नीट दिसेल असं चित्रण जेमतेम दोन तासांचं मावतं, म्हणून एका नाटकाला तीन डीव्हीडी. एकूण साठ. बाबा गेल्यावर त्या कपाटात होत्या आणि आपल्याकडचा पावसाळा माहीतच आहे. कडेने बुरशीची जाळी धरायला लागली होती.

गेल्या जूनमध्ये एका ऑनलाइन दुकानावर २ टीबीचा, म्हणजे दोन हजार जीबीचा, पेनड्राइव्ह ७९९ रुपयांना दिसला. साठ डीव्हीडींना अडीचशे जीबी पुरे होते, पण लग्नांच्या मिनी डीव्ही, म्हणजे व्हिडिओ कॅमेऱ्यात घालायच्या छोट्या कॅसेटही उतरवायच्या होत्या आणि तासाभराच्या एका कॅसेटलाच सुमारे १३ जीबी लागतात. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, '४२५ डीव्हीडी एका बोटाएवढ्या जागेत'. हिशोब करून पाहिला, बरोबर होता. बाबांच्या जुन्या १.४४ एमबीच्या फ्लॉपींमध्ये मोजलं तर साडेतेरा लाख फ्लॉपी होतात. एकावर एक रचल्या तर साडेचार किलोमीटर उंच, म्हणजे दोन कळसूबाईंपेक्षाही जास्त. एवढं सगळं चिमटीत मावतं याचं मला खरंच अप्रूप वाटलं. तेव्हाच थांबून विचारायला हवं होतं, की नावाजलेल्या कंपनीची २ टीबीची हार्ड डिस्क काही हजारांना मिळते, मग हे ७९९ मध्ये कसं?

लॅपटॉपला लावल्यावर १.८१ टीबी दिसलं. कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या, त्यामुळे खरा २ टीबीही तेवढाच दिसतो, हे मला ठाऊक होतं. त्या ठाऊक असण्यानेच मी निर्धास्त झाले. पहिल्या आठवड्यात पाच डीव्हीडी उतरवल्या, लावून बघितल्या, छान चालल्या. माल परत करायची मुदत सात दिवसांची होती, ती संपली. नोकरी सांभाळून रोज रात्री एक-दोन असं करत ऑगस्टमध्ये काम पुरं झालं. फाइलींची नावं दिसत होती, आकार बरोबर होते. साठही डीव्हीडी मी भंगारवाल्याला दिल्या.

गणपतीला दादा मुंबईहून आला. रात्री आरतीनंतर घरातले सगळे टीव्हीसमोर बसलो. पहिली दोन नाटकं लागली. शूटिंग करताना बाबा मधेच कुणाला तरी 'बाजूक हो रे' म्हणतात, ते ऐकून आईने डोळ्यांना पदर लावला. तिसरं नाटक अर्ध्यावर थांबलं. त्यापुढची एकही फाइल उघडली नाही. आई म्हणाली, "गो बाय, बाबांचो आवाज खंय गेलो?"

कुडाळला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलाने "ताई, उघडू काय?" विचारून नखाने पेनड्राइव्हचं कवच उचकटलं. आत गोंदाने चिकटवलेलं ३२ जीबीचं मेमरी कार्ड होतं, मोबाइलमध्ये घालतात तसलं. त्याने समजावलं ते असं. जागा किती आहे हे कॉम्प्युटर स्वतः मोजत नाही, पेनड्राइव्हमधल्या कंट्रोलर चिपला विचारतो. त्या चिपमध्ये २ टीबी हे खोटं उत्तर भरलेलं असतं. फाइलींच्या नावांची यादी सुरुवातीच्या जागेत लिहिली जाते, म्हणून नावं आणि आकार दिसत राहतात. ३२ जीबी भरल्यावर पुढचं सगळं कुठेच लिहिलं जात नाही, आणि कॉम्प्युटर मात्र कॉपी झाली म्हणून सांगतो. काही बनावट पेनड्राइव्हमध्ये तर नवीन माल जुन्यावरच लिहिला जातो. जुनी फ्लॉपी भरली की जागा संपली म्हणून सांगायची. हा शेवटपर्यंत घेतोय असं दाखवत राहिला.

तुमच्याकडे असा स्वस्तातला पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड आलं असेल, तर परतीच्या मुदतीतच ते काठोकाठ भरून तपासा. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफथ्री ही फुकट साधनं आहेत. ती पूर्ण जागा भरतात, परत वाचतात आणि खरी जागा सांगतात. २ टीबीला एक-दोन दिवस लागतात, लागू द्या. मूळ डीव्हीडी, कॅसेट यांना तोवर हात लावू नका, आणि नंतरही दुसऱ्या ठिकाणी एक प्रत असल्याशिवाय टाकू नका. फसलात तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा. मी १९१५ वर तक्रार नोंदवली, पण तोवर विक्रेत्याचं पान गायब झालं होतं. पैसे आले नाहीत. पैशांसाठी मी हे लिहीतही नाही.

परवा माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात अकरा मिनी डीव्ही कॅसेट सापडल्या. दहा लग्नांच्या आहेत. एकीवर बाबांच्या अक्षरात 'जत्रा २००९' लिहिलंय. बाबांचा कॅमेरा आता चालू होत नाही. सिंधुदुर्ग, रत्नागिरी किंवा गोव्यात कुणाकडे मिनी डीव्ही चालवणारा सुरू कॅमेरा असेल तर सांगा, कॅसेट घेऊन मी स्वतः येईन.