हॉर्टन प्लेन्सची एक दिवसाची टूर : जागेला पाच स्टार, टूरवाल्याला दोन

जानेवारीत श्रीलंकेला जाऊन आलो, आम्ही दोघं आणि साडूभाऊ जोडीनं, जळगावचे चार जण. साडूभाऊंनी कुठंतरी तिथल्या हॉर्टन प्लेन्स या डोंगरी पठारावरच्या वर्ल्ड्स एंड नावाच्या कड्याचा फोटो बघितला होता आणि दोन महिने तेच चालू. मी म्हटलं आपल्या तोरणमाळच्या सीताखाई दरीसारखंच असेल भो, त्याच्यासाठी पासपोर्ट कशाला. गेल्यावर कळलं, प्रकरण वेगळं आहे.

आता टूरवाल्याचं. जवळच्या नुवारा एलिया गावातून गाडी आणि ड्रायव्हर असं एक दिवसाचं बुकिंग ऑनलाइन केलं होतं, नाव लिहित नाही. त्या कड्यावर नऊ-दहाच्या पुढं धुकं चढतं आणि मग काही म्हणजे काही दिसत नाही, हे तिथलं पोरगंही सांगतं, म्हणून मी व्हॉट्सअ‍ॅपवर तीन वेळा विचारून पावणेपाचचा पिकअप पक्का केला. पावणेपाचला आम्ही स्वेटर, कानटोप्या, मफलर घालून हॉटेलच्या दारात, दात वाजतायत (जळगावचा माणूस पंचेचाळीस डिग्री हसत काढेल पण ही थंडी नाही), आणि गाडी आली सहा वाजून दहा मिनिटांनी. मी ड्रायव्हरवर चढलोच. त्या बिचाऱ्यानं गुपचूप मोबाईल पुढं केला, ऑफिसचा मेसेज, त्यात टाइम सहाचा. म्हणजे आम्हाला एक सांगितलं आणि त्याला दुसरं!

गाडी स्वच्छ, ड्रायव्हर एक नंबर, घाटात एकदाही घाई केली नाही, ते सांगायलाच पाहिजे. पण गेटवर पोचलो तर ही मोठी रांग. आणि तिकीट टूरच्या पैशात नव्हतंच, परदेशी माणसाचं तिकीट वेगळं, त्यावर सर्व्हिस चार्ज, गाडीचा चार्ज, टॅक्स, हे बुकिंग करताना कोणी बोललं नाही.

चालायला लागायच्या आधी बॅगा तपासतात. आतमध्ये प्लास्टिक नेऊ देत नाहीत. बायकोनं घरून दशम्या, लसणाची चटणी आणि भाजलेल्या बिबड्या (आमच्याकडचे ज्वारीचे पापड) आणल्या होत्या, सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत गाठी मारून. तिथल्या माणसानं एकेक गाठ शांतपणे सोडली, सगळं कागदात बांधून दिलं, पाण्याच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा सोलून घेतलं. बिबडीचा एक तुकडा उजेडात धरून बघत बसला, हा कागद आहे का काय त्याला कळेना. बायको म्हणे, "अहो, खायचं आहे म्हणा त्याला, नाहीतर तेही ठेवून घेईल." मला मात्र ते लई आवडलं, पूर्ण रस्त्यात एक कुरकुऱ्याचं पाकीट दिसलं नाही. आपल्याकडं पाटणादेवीला असं कोणी करेल तर पाया पडेन.

गोल रस्ता साधारण साडेनऊ किलोमीटरचा. पठारच 2,100 मीटरच्या वर आहे, त्यामुळं चढ फार नसला तरी साडूभाऊ दर दोनशे पावलांवर "फोटो काढू" म्हणत थांबत होते, फोटो काही काढत नव्हते. पिवळं गवत, मधेच बुटक्या वाकड्या झाडांचं जंगल, खोडांवर शेवाळं लोंबतंय, आणि पार्किंगजवळ एक सांबर असं उभं की जणू आपल्या गल्लीतली गाय. खायला घालू नका, लोकांनीच लाडावून ठेवलंय त्यांना.

आधी मिनी वर्ल्ड्स एंड लागतं, मग मोठं. मोठ्यावर पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. पुढं काय? पांढरं. नुसतं पांढरं, दुधाच्या पातेल्यात डोकं घातल्यासारखं. खाली साधारण 870 मीटर सरळ कडा आहे म्हणतात आणि आम्हाला स्वतःचे बूट धड दिसेनात. हवा साफ असली तर दक्षिणेला समुद्रापर्यंत दिसतं म्हणे. पाऊण तास बसलो, दशम्या तिथंच संपवल्या. मग एकदम वारा आला, धुक्याला भोक पडलं आणि त्या भोकातून खूप खूप खाली चहाचे मळे आणि काडेपेटीएवढी पत्र्याची घरं दिसली. बायकोनं माझा दंड असा धरला की नखं उमटली. दोन मिनिटं असेल, परत पडदा. साडूभाऊ तेव्हा लघवीला गेले होते, त्यांना घंटा काही दिसलं नाही, त्यांच्यापुढं विषय काढू नका.

परतीला बेकर्स फॉल्स हा धबधबा छान आहे, उतरायच्या पायऱ्या मात्र ओल्या, चप्पल-सँडलवाल्यांनी नाद करू नये.

संध्याकाळी टूरच्या ऑफिसला फोन केला तर म्हणे धुकं आमच्या हातात नाही सर. अरे पण सहा वाजता पाठवलेली गाडी कोणाच्या हातात होती? पैसे परत नाहीत, पुढच्या बुकिंगला दहा टक्के डिस्काउंट देतो म्हणाले. जळगावहून परत येऊ का आता दहा टक्क्यांसाठी?

साडूभाऊ येणारेत, पुढच्या फेब्रुवारीत. त्यांनी ड्रायव्हरचा नंबर डायरेक्ट घेऊन ठेवलाय आणि त्याला टाइम सांगितलाय साडेतीनचा.