एक उजवा हात, दोन दवाखाने

मी चोवीस वर्षं कपडे शिवते आहे, त्यामुळे माझं दुखणं सगळ्यात आधी कात्रीला कळलं. सकाळी कात्रीच्या कडीत अंगठा जायचा नाही. दुपारपर्यंत हात सैल व्हायचा आणि मी विसरून जायचे. मग दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजायला लागली, सारख्याच जागी, आरशात पाहिल्यासारखी.

पहिल्या डॉक्टरांनी माझे हात हातात घेतलेच नाहीत. मी वाक्य पूर्ण करायच्या आत वेदनाशामक गोळ्या लिहिल्या आणि "वयानुसार होतं" म्हणाले. मी त्रेचाळीस वर्षांची होते. दुसऱ्यांदा गेले तेव्हाही तेच. हे आधी सांगते, कारण पुढे मी जिथे गेले तिथे का गेले हे त्याशिवाय कळणार नाही.

मोठ्या बहिणीने एका समग्र उपचार केंद्राचं नाव सुचवलं. पहिली भेट एक तास दहा मिनिटांची झाली. झोप कशी लागते, आईला काय आजार होते, कामाचे तास किती, शेवटचं मोकळं कधी रडले होते, सगळं विचारलं. त्या शेवटच्या प्रश्नाला मी तिथेच रडले आणि त्यांनी मला रडू दिलं. आठवड्यातून एकदा ॲक्युपंक्चरच्या सुया, दोन वेळा वनौषधींचं चूर्ण, रात्री हातांना कोमट तेल, पथ्याचा तक्ता आणि संध्याकाळी श्वसनाचा वर्ग असा उपचार ठरला. ऐकून घेणं, वेळ देणं, माणसाला माणूस म्हणून वागवणं यात त्या केंद्राला मी पैकीच्या पैकी गुण देईन. श्वसन शिकवणाऱ्या बाई तर फारच चांगल्या. दुसऱ्या महिन्यात माझी झोप सुधारली. तेल लावलं की तीन-चार तास बोटं हलकी वाटायची.

पण आठ महिन्यांत तिथे एकदाही कोणी माझे सुजलेले सांधे मोजले नाहीत.

दुखणं कमी झालं की "औषध लागू पडतंय" असं सांगायचे. वाढलं की "शरीरातली घाण बाहेर पडतेय, आधी वाढतं मग उतरतं". मी दोन्ही वेळा मान डोलवली. माझ्या हातात रोज मोजपट्टी असते. कोणालाही मापलं तरी एकच आकडा दाखवणारी पट्टी मी त्याच दिवशी फेकून दिली असती. इथे मात्र सहाव्या महिन्यात अंगठी कापून काढावी लागली तेव्हाही मी तेच वाक्य ऐकून घरी आले. रक्त तपासू का, असं एकदा विचारलं होतं. "अहवालात अडकू नका, स्वतःच्या शरीराचं ऐका," असं उत्तर मिळालं. आणि एक वाक्य मला अजून झोंबतं: "अॅलोपॅथीच्या गोळ्या सुरू केल्यात तर आमचा उपचार लागू पडणार नाही." सुया, तेल, श्वसन याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती या वाक्याबद्दल.

आता दुसरा दवाखाना, संधिवाततज्ज्ञांचा. बाहेर अडीच तास बसले, आत बारा मिनिटं. खुर्च्या वाईट, नाव पुकारणारा माणूस त्रासलेला, आणि डॉक्टरांनी माझ्या झोपेबद्दल काही विचारलं नाही. पण त्यांनी दोन्ही हात पुढे करायला सांगितले आणि अंगठ्याने एकेक सांधा दाबत गेले. खांदे, कोपरं, मनगटं, बोटांच्या मुळाचे आणि मधले सांधे, गुडघे: एकूण २८. प्रत्येक ठिकाणी दोनच प्रश्न, दुखतं का आणि सूज आहे का. दोन मिनिटंही लागली नसतील. सुजलेले अकरा, दुखणारे चौदा. हे आकडे, शरीरात सूज किती आहे हे सांगणारा रक्ततपासणीचा आकडा आणि मला स्वतःला कसं वाटतं याचा आकडा असं सगळं मिळून एक गुण निघतो. ५.१ च्या वर गेला तर आजार जोरात आहे, २.६ च्या खाली आला तर शांत. माझा ६.१ होता.

रक्ततपासणीत अँटी-सीसीपी ही अशा संधिवाताची खूण शोधणारी चाचणी पॉझिटिव्ह आली आणि निदान झालं: ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. डॉक्टरांनी कागदावर सांधा काढून दाखवला. शरीराची संरक्षण यंत्रणा सांध्याच्या आतल्या अस्तरावरच हल्ला करते, ते अस्तर फुगतं आणि शेजारचं हाड कुरतडायला लागतं. एक्स-रेमध्ये उजव्या तर्जनीच्या मुळाशी एक खाच दिसली, उंदराने कड खाल्ल्यासारखी. "दुखणं थांबवणं आणि ही झीज थांबवणं, ही दोन वेगळी कामं आहेत," ते म्हणाले. "वेदनाशामक पहिलं करतं, दुसरं नाही." म्हणजे माझ्या पहिल्या डॉक्टरांच्या गोळ्यांनीही हे हाड वाचलं नसतं. दोष एकट्या केंद्राचा नाही.

औषध मिळालं मेथोट्रेक्सेट. ही कॅन्सरची गोळी आहे असं मला केंद्रात सांगितलं होतं आणि मी तेच विचारलं. डॉक्टर चिडले नाहीत. हो, म्हणाले, सुरुवात कॅन्सरपासूनच झाली. तिथे मात्रा कितीतरी मोठी असते, इथे आठवड्यातून एकदा छोटी. अमेरिकेत १९८८ पासून ती या आजारासाठी मान्य आहे. मला आठवड्याला १५ मिलिग्रॅम आणि सोबत फॉलिक ॲसिड दिलं. मग परिचारिकेने मला बाजूला बसवून गोळीचा वार ठरवायला लावला. "रविवार," मी म्हटलं. "मग सोमवारी काय करायचं?" "घ्यायची नाही." "मंगळवारी?" असं शनिवारपर्यंत सगळं माझ्या तोंडून वदवून घेतलं, कारण ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. त्या पाच मिनिटांसाठी मी त्या दवाखान्याच्या खुर्च्या माफ केल्या.

सहा आठवडे काहीच फरक पडला नाही. पडणार नाही, हे आधीच सांगितलं होतं. सोमवारी मळमळायचं, तिसऱ्या आठवड्यात तोंड आलं, केस थोडे गळले. चौथ्या महिन्यात यकृताचे आकडे वाढले तेव्हा मात्रा १० वर आणली, पुन्हा रक्त तपासलं, मग हळूहळू वाढवली. दहाव्या आठवड्यात एका सकाळी कात्रीच्या कडीत अंगठा गेला. मी उभ्या उभ्या एक जुनं कापड उगीचच कापत राहिले.

चूर्णाचा डबा डॉक्टरांनी मागवून घेतला होता. त्यावर घटकांची यादीच नव्हती. यकृतावर आधीच एका औषधाचा भार असताना आत काय आहे ते माहीत नसलेलं काही घेऊ नका, एवढंच ते म्हणाले. नंतर वाचलं की इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली होती आणि त्यातल्या जवळजवळ २१ टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. माझ्या डब्यात तसं काही होतं असं मी म्हणत नाही. तो कोणी तपासलाच नव्हता.

बहीण म्हणते, आधुनिक औषधांनीही माणसं मारली आहेत. ती खोटं बोलत नाही. रोफेकॉक्सिब हे सांधेदुखीचंच औषध होतं. १९९९ मध्ये बाजारात आलं आणि हृदयविकाराचा धोका वाढतो म्हणून २००४ मध्ये परत घ्यावं लागलं. पाच वर्षं फार झाली, आणि त्या काळात ज्यांनी जीव गमावला त्यांना नंतरच्या निर्णयाचा काय उपयोग? पण तो धोका सिद्ध झाला तोही औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यातले हृदयविकाराचे झटके मोजल्यामुळेच. केंद्रात असं काही मोजणारं कोणी नव्हतं. आणि वनस्पतींशी वैर कोणाचंच नाही. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन एका वनस्पतीतूनच आलं. चीनच्या थू यूयू यांनी जुन्या ग्रंथातला धागा पकडून ते शोधलं, कस लावून पाहिलं आणि २०१५ चं नोबेल मिळवलं.

आठ महिने मला बरं वाटत होतं ते खोटं होतं का? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. उत्तर दम्याच्या एका प्रयोगात मिळालं, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या. ३९ रुग्णांना आळीपाळीने खरं इनहेलर, खोटं इनहेलर आणि खोटं ॲक्युपंक्चर दिलं, आणि एका पाळीत काहीच दिलं नाही. आराम किती वाटला हे विचारल्यावर तिन्ही उपचारांची उत्तरं जवळपास सारखी होती, ५० टक्के, ४५ आणि ४६. काहीच न केलेल्या पाळीत २१. पण फुंकर मारून फुप्फुसांची ताकद मोजली तेव्हा खऱ्या औषधाने ती २० टक्के वाढली होती आणि बाकी तिन्हींत सुमारे ७. बरं वाटणं खरं होतं. फुप्फुसाला मात्र ते कळलं नव्हतं. माझ्या हाडालाही नाही.

म्हणून दोन्ही ठिकाणांबद्दल विचाराल तर असं सांगेन. पाठ आखडली आहे, झोप नाही, मनावर ओझं आहे, तर त्या केंद्रात जा. श्वसनाच्या वर्गाला मी अजून जाते आणि डॉक्टरांना ते माहीत आहे. सांधे सुजत असतील, सकाळचा ताठरपणा तासाभराहून जास्त टिकत असेल, तर आधी संधिवाततज्ज्ञांकडे, याच महिन्यात. केंद्रात गेलातच तर पहिल्या दिवशी विचारा की उपचार लागू पडत नाही हे तुम्हाला कशावरून कळेल, आणि कळल्यावर मला कुठे पाठवाल. मी विचारलं नव्हतं. आणि संधिवाताच्या दवाखान्याला माझी कळकळीची विनंती आहे: बारा मिनिटांतली दोन तरी आमचं म्हणणं न तोडता ऐकायला ठेवा. मी आठ महिने भलतीकडे काढले ते त्या दोन मिनिटांसाठीच.

परवा पुन्हा मोजणी झाली. सुजलेला एक, दुखणारे दोन, गुण २.९. उजव्या तर्जनीच्या मुळाशी आले की डॉक्टरांचा अंगठा अजून थोडा जास्त वेळ थांबतो. तिथे आता सूज नाही. खाच आहे तेवढीच आहे, आणि ती भरून येणार नाही.