‘हॅड’ सुटलं, पण ॲपचा हट्ट काही सुटेना
तीन महिने झाले हे इंग्लिश ग्रामरचं ॲप वापरतेय, नाव नाही घेत उगाच. एक मात्र मानलं, आपण मराठीत ‘काल गेले होते’ म्हणतो ना, म्हणून तोंडात पटकन ‘आय हॅड गॉन येस्टरडे’ येतं, ते पहिल्याच आठवड्यात सुटलं, नुसतं येस्टरडे असेल तर सरळ ‘वेंट’. ‘बाय द टाइम’चा धडा पण झक्कास, ‘बाय द टाइम आय रीच्ड, द ट्रेन हॅड लेफ्ट’, म्हणजे मी पोचायच्या आधीच गाडी गेलेली. पण ‘आफ्टर आय एट, आय लेफ्ट’ लिहिलं की लाल फुली! अहो, आफ्टरमुळेच क्रम कळतो की, हॅड नसलं तरी चालतं. कळवलं तर रिप्लाय काय, ‘धन्यवाद’. फुकटचे धडे करा, प्रीमियमचे पैसे मी तरी नाही भरणार.