घोड्यांच्या रेसच्या शीटमध्ये निकाल आधीच टाकलेला होता, १३,५०० ला बसलो

लातूरच्या मोंढ्यात एका अडतीवर हिशोब लिहितो, त्यामुळं एक्सेल बऱ्यापैकी येतं, अन् त्याचाच माज नडला. आपल्याकडं घोडा म्हणलं की माळेगावची जत्रा, रेस कुणी बघितलीय? पुण्याला मेव्हण्याकडं गेलतो, त्यानं रेसकोर्सवर नेलं. हातात रेसकार्ड आलं, त्यात प्रत्येक घोड्याचं वजन, जॉकी, ट्रेनर, ड्रॉ (म्हणजे कितव्या गेटातून सुटणार), मागच्या रेसमध्ये कितवा आला ते, सगळं छापलेलं. मला वाटलं हे तर सोयाबीनच्या आवकेसारखंच झालं, टेबलात भरलं की आपोआप कळंल.

घरी येऊन डेटा भरायलो तर पहिल्याच दिवशी वैताग. मागच्या तीन रेसचे नंबर ३-१-२ असे पेस्ट केले की एक्सेल त्याची ३ जानेवारी २००२ करतं. टायमिंग १-१२-३४ टाकलं तर डायरेक्ट १९३४ सालात जातं. (आधी कॉलमला टेक्स्ट फॉरमॅट द्यायचा, मग पेस्ट स्पेशलमधून नुसतं टेक्स्ट पेस्ट करायचं, हे लई उशिरा कळलं.) टेलिग्रामवर एका ग्रुपात विचारलं अन् तिथंच एक 'सर' भेटले. म्हणले हातानं कशाला करता भाऊ, माझ्या शीटमध्ये डेटा आपोआप इम्पोर्ट होतो, रेटिंगच्या कॉलममध्ये ज्या घोड्याचा आकडा मोठा तो घ्यायचा. वरून म्हणले हा जुगार नाही, सुप्रीम कोर्टानं १९९६ लाच घोड्यांची रेस म्हणजे कौशल्याचा खेळ म्हणलंय. तेवढं मात्र खरंय, म्हणूनच मी बाकीचं पण खरं धरलं.

शीटचे ६,५०० दिले. मागच्या सीझनच्या रेस स्वतः चेक केल्या, दहातल्या सात-आठ वेळा टॉपचा घोडाच जिंकलेला. लगेच महिन्याच्या डेटाचे ३,००० पण दिले. शनिवारी नवीन कार्ड टाकलं तर रेटिंगमध्ये सगळे शून्य. सर म्हणले 'की' लागंल, म्हणजे शीट चालू करायचा कोड, ४,०००. तीही घेतली, बघा अक्कल. मग आकडे आले, पण तीन आठवड्यांत एक घोडा लागला, तोही फेव्हरिट, म्हणजे ज्याच्यावर सगळेच पैसे लावतात तो, भाव एवढा कमी की सुटे पैसे आल्यासारखं. शिवाय फॉर्मच्या, म्हणजे मागच्या रेसच्या नंबरांच्या कॉलममध्ये तारखाच दिसायल्या, विचारलं तर म्हणले तो एन्क्रिप्टेड कोड आहे. इथंच मला ओळखायला पाहिजे होतं, माझीच जुनी चूक होती ती!

शीटला पासवर्ड, काही कॉलम लपवलेले, फॉर्म्युला दिसत नव्हता. पण डेटाची शीट उघडी होती. एका जुन्या रेसमध्ये जिंकलेल्या घोड्याचा निकालातला नंबर मी १ चा ९ केला अन् शेवटी आलेल्याचा १ केला. रेटिंग पटकन पलटलं, शेवटचा घोडा टॉपला! म्हणजे रेटिंग निकालावरूनच निघायलं होतं, वजन-जॉकी नुसते शोभेला. निकाल लागलेल्या रेसचा निकाल शीट बरोबरच सांगणार की. नव्या रेसला निकालच नाही, म्हणून शून्य, अन् 'की' घेतल्यावर आलेले आकडे त्यानं मनानं टाकलेले असणार. सात-आठच बरोबर यायचे तेही मुद्दामच ठेवलेलं असंल, दहाच्या दहा आले असते तर आपण दचकलो असतो.

कुणी अशी शीट विकायला आलं तर पैसे द्यायच्या आधी डेमोवर एवढंच करा, जुन्या रेसचा निकाल उलटा करून बघा. रेटिंग हललं की उठा तिथून. अन् नफ्याचा कॉलम बघा, माझ्या शीटमध्ये टॅक्सचा एक रुपया धरला नव्हता.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन केला, तक्रार घेतली, पण मी पैसे दिल्यावर दीड महिन्यानं उठलो होतो, तोवर त्या खात्यात काय राहतंय. आधी लाज वाटली म्हणून थांबलो, तुम्ही थांबू नका, त्याच दिवशी लावा फोन. घरी मात्र अजून लॅपटॉपच्या रिपेअरला गेले असंच सांगितलंय.