काटा खाली बसला होता, इंजिन नव्हे

बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणाच्या पाण्यात आमची मासेमारीची नाव चालते. मालवणहून १५ हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (नावेच्या मागं लावायचं) इंजिन आणलं होतं, आंबोलीमार्गे टेम्पोत घालून. इंजिन चांगलंच निघालं. फसलो ते त्याला आरपीएम मीटर, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्या होतात ते दाखवणारं मीटर, बसवल्यावर. जुनं इंजिन वापरणाऱ्या आपल्या भागातल्या माणसांनी हे नीट वाचावं, म्हणून सगळं सांगतोय.

मीटर हवं होतं पेट्रोल वाचवण्यासाठी. असली इंजिनं फुल रेसला साधारण ४,५०० ते ५,५०० फेऱ्यांत चालावीत. त्याखाली राहिली तर पाण्यातला पंखा जड पडतोय, वर गेली तर हलका. नुसत्या कानाला हे कळत नाही. मेस्त्रीनं लायटिंग कॉइलच्या (दिव्याला वीज देणाऱ्या कॉइलच्या) वायरीवरून सिग्नल घेऊन ४,८०० रुपयांत मीटर बसवून दिलं. फ्लायव्हील काढून आतले चुंबकाचे पोल मोजले आणि मीटरच्या पाठीमागचा बारका खटका ४ वर ठेवला. मला नवल वाटलं, म्हणून मी मोबाईलवर त्याचा फोटो काढला. जाळी भरून फुल रेस दिली की काटा ५,१०० वर जायचा.

तीन महिन्यांनी त्यानं स्वतःहून फोन केला, ‘एकदा फुकट चेक करून देतो.’ इंजिन मीटरसकट दोन दिवस दुकानात राहिलं. परत आणून पाण्यात सोडलं तर काटा ३,४०० च्या वर जाईना. मेस्त्री म्हणाला पिस्टनच्या रिंगा गेल्या, कॉइलपण अशक्त झाली. मी घाबरलो. हंगाम तोंडावर होता. १४,५०० रुपये रोख मोजले, पावती म्हणून वहीचं फाडलेलं पान मिळालं. काम झालं म्हणाला, तरी काटा ३,४०० लाच. मग म्हणाला, ‘आता पंखाच जड पडतोय,’ आणि दोन इंच कमी पिचचा (एका फेरीत कमी अंतर कापणारा, म्हणून हलका) पंखा ६,२०० ला गळ्यात मारला. जुना स्वतःकडं ठेवून घेतला. काटा ३,६५० च्या आसपास आला आणि मला बरं वाटलं.

आमचे थोरले काका मात्र पहिल्या दिवसापासून सांगत होते, ‘आवाज तोच हाय की रे. काटाच तेवढा खाली बसलाय.’ मी ऐकलं नाही, याची आजही हळहळ वाटते. त्यांचं बोलणं खरं होतं, कारण काटा ३,४०० दाखवत होता तेव्हाही या काठावरून त्या काठाला जायला तेवढाच वेळ लागत होता. फेऱ्या खरंच तिसऱ्या हिश्श्यानं घटल्या असत्या तर नाव रेंगाळली असती. उलट नवा पंखा लागल्यावर काटा चढला आणि नाव मात्र मंद झाली, पेट्रोलही जास्त जाऊ लागलं.

शेवटी निपाणीहून भाचा आला. तो दुचाकी दुरुस्त करतो. त्याच्याकडं प्लगच्या वायरीला तार गुंडाळून चालणारं छोटं मीटर होतं. टू-स्ट्रोकला दर फेरीला एक ठिणगी, म्हणून हिशेब सरळ. रिकाम्या नावेत फुल रेसला त्याचं मीटर ५,७०० दाखवत होतं आणि माझं ३,८००.

‘मामा, बरोबर दोन तृतीयांश,’ तो म्हणाला आणि त्यानं माझं मीटर बाहेर ओढलं. खटका ६ वर होता. चार पोलांचं फ्लायव्हील एका फेरीत दोन स्पंदनं देतं, सहा पोलांचं तीन. मीटरला सहा पोल सांगितले की ते खऱ्या ५,१०० चे ३,४०० करून दाखवतं. माझ्या फोटोत खटका ४ वर आहे. मधल्या काळात मीटरला फक्त त्या मेस्त्रीचाच हात लागला होता. इंजिनाचे बोल्ट बघितले तर त्यांच्यावरचा जुना रंग एक टवकाही उडालेला नव्हता. ते उघडल्याशिवाय रिंगा कशा बदलणार? म्हणजे धडधाकट इंजिनाला आजारी ठरवून मी दोनदा पैसे दिले.

तुमच्याकडं मीटर बसवताना खटक्याचा फोटो नक्की काढून ठेवा. पोल किती ते स्वतःच्या डोळ्यांनी मोजा. काटा अचानक पडला तर आधी घड्याळ लावून ठरलेलं अंतर कापून बघा. रिंग, कॉइल, पंखा, काहीही बदललं तरी जुना भाग हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका आणि पक्कं बिल मागा. रोख देण्यापेक्षा फोनवरून दिलेल्या पैशांची नोंद तरी राहते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. मी तक्रार लिहायला घेतलीय, फोटो आणि ते वहीचं पान जोडून.

जुना पंखा परत मागायला गेलो तेव्हा तो म्हणाला, विकला. खटका आता ४ वर आहे. हलका पंखा असल्यामुळं काटा ५,५०० च्या पुढं जाऊ नये म्हणून फुल रेस देत नाही, आणि पलीकडच्या काठाला पोचायला अजूनही उशीरच होतो.