जुनी डायना ३५: दणकट आहे, घरी उघडता येते, शिकारीला मात्र नाही

एअर रायफल घ्यायची तर ती घरच्या टेबलावर उघडता आली पाहिजे. ताकद, दुर्बीण, दिसणं हे सगळं त्यानंतर. आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे हे मत एकांगी वाटेल. वाटू दे.

मी वापरतो ती डायना ३५. जर्मनीतल्या रास्टाटची, नळी बिजागरीशी खाली मोडून छर्रा भरायची, ४.५ मि.मी.ची. ग्वाल्हेरच्या दाणाओळीतल्या एका घरी माळ्यावर गोधड्यांखाली पडून होती. आजोबांची वस्तू, नातवंडं पुण्याला, भंगारात जायची वेळ आली होती. वर गंज होता, आत वाळकं चामडं. पण नळी, दस्ता आणि बिजागरी ठणठणीत. या बंदुकीत प्लॅस्टिक शोधायला जावं लागतं. नेम धरायची मागची खाच लोखंडी, फिरकीने वरखाली होणारी. दस्ता बीच लाकडाचा. वजन साडेतीन किलोच्या आसपास, म्हणजे बारीक मुलाला उचलून धरायला जडच.

ग्वाल्हेरजवळ डबऱ्याला शेत असलेल्या पुतण्या मिलिंदला अशीच पण नवी हवी होती. त्याचं मागणं: ‘‘काका, मजबूत, पॉवरफुल आणि मेंटेनन्सची कटकट नसलेली सांगा. डबऱ्याच्या शेतावर नीलगाई आणि डुकरं फार त्रास देतात.’’

त्याला आधी खाली बसवलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद आहे. कावळा आणि उंदीर पूर्वी उपद्रवी प्राण्यांच्या वेगळ्या परिशिष्टात होते, २०२२ च्या दुरुस्तीत ते परिशिष्टच गेलं. पिकाची नासाडी होत असेल तर वनखात्याकडे अर्ज करायचा, ते लेखी परवानगी देतील तरच पुढचं. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी अर्ध्या ग्रॅमचा छर्रा नीलगाईला काय करणार? कातडीत रुतेल, जखम चिघळेल, जनावर आठवडाभर तडफडेल. इंग्लंडात सशाला, कबुतराला एअर रायफलने मारतात, तेही जवळून, डोक्यावर नेम धरून, आणि तिथे परवान्याशिवाय मर्यादा १२ फूट-पौंड, म्हणजे साधारण १६ ज्यूल. तिथली जाहिरात वाचून इथे बंदूक निवडायची नाही.

आमच्या ग्वाल्हेरात हे सांगणं जरा अवघडच. खांद्यावर बारा बोअर टाकून वरातीत नाचणाऱ्यांच्या गावात छर्ऱ्याची बंदूक म्हणजे खेळणं, आणि खेळण्याला कसले आलेत नियम! नियम आहेत. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मि.मी.पेक्षा मोठी नळी किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ताकद असेल तर परवाना लागतो. त्या आतली बिनपरवाना मिळते, दुकानदार ओळखपत्र घेऊन नोंद करतो. पावती जपून ठेवा, हायवेवर गाडी थांबवली की तीच कामाला येते.

आता ताकद. आठ ग्रेनचा, म्हणजे साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा घेतला तर २० ज्यूल म्हणजे सेकंदाला २७८ मीटर. खोक्यावर त्याच्याहून कितीतरी मोठे आकडे छापलेले दिसतात, ते हलक्या मिश्रधातूच्या छर्ऱ्याचे. असा छर्रा आवाजाचा वेग ओलांडतो, परत खाली येताना डगमगतो आणि नेमाचे बारा वाजतात. ऑलिंपिकच्या दहा मीटरच्या रायफली सेकंदाला जेमतेम १७५ मीटरच्या आसपास मारतात, आणि त्यांचं दहाचं वर्तुळ फक्त अर्ध्या मिलिमीटरचं असतं. माझी डायना नव्या दांडग्या बंदुकांपुढे मवाळच आहे. अंगणातल्या दहा मीटरवर बाटलीचं झाकण मात्र सोडत नाही.

खरी गंमत आतल्या रचनेत. नळी मोडली की दट्ट्या मागे जातो आणि स्प्रिंग दबते. चाप ओढला की दट्ट्या पुढे झेपावतो, समोरची हवा दाबली जाते आणि छर्रा सुटतो. दट्ट्याच्या तोंडाशी चामड्याची वाटी असते, जुन्या पंपाच्या स्टोव्हला असायची तशीच. नव्या बंदुकांत ती कृत्रिम रबराची येते. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात, लू सुटली की, चामडं पापडासारखं होतं नि हवा गळायला लागते. नया बाजारातल्या एका चांभारदादांनी मला नवी वाटी करून दिली: जाड चामडं रात्रभर भिजवलं, मी लेथवर काढून दिलेल्या लाकडी ठोकळ्यावर ओढून बांधलं, सावलीत वाळवलं, मग कडा तासली. खर्च नगण्य. जर्मनीहून काही मागवावं लागलं नाही.

उघडण्याची पद्धत सांगतो, कारण इथेच लोक घाबरतात, आणि थोडं घाबरावंच. दस्त्याचे स्क्रू काढले की लोखंडी नळकांडं हातात येतं. स्प्रिंग मोकळी असली तरी थोडी दाबलेलीच असते, म्हणून लोहिया बाजारात सुताराचा लांब शिकंजा मिळतो तो लावायचा आणि मगच मागच्या पिना काढायच्या. शिकंज्याशिवाय पिना काढाल तर मागचा तुकडा छातीवर येईल. चापाच्या कोठडीत बेअरिंगमधल्यासारख्या तीन छोट्या पोलादी गोळ्या असतात, दट्ट्याला अडवून धरण्याचं काम त्यांचं. खाली पांढरं फडकं अंथरा, नाहीतर एक गोळी कपाटाखाली जाते आणि संध्याकाळ तिच्यामागे. परत बसवताना गोळ्या घट्ट ग्रीसने आपापल्या भोकात चिकटवायच्या. ही नक्षी एकदा जमली की या चापासारखा मऊ चाप महागड्या बंदुकीतही सहसा मिळत नाही.

स्प्रिंगला मॉलिब्डेनमचं ग्रीस, तेही बोटाला पुसटसं लागेल इतकंच. शिवणयंत्राचं तेल नळीच्या भोकातून आत सोडणारे महाभाग मी पाहिले आहेत. दाबलेल्या गरम हवेत ते तेल पेटतं, फटाक्यासारखा आवाज होतो, धूर निघतो, पोरं खूश होतात, आणि स्प्रिंगचे तुकडे पडतात. छर्रा न भरता चाप ओढायचा नाही, तेही याच जातीचं पाप: पुढे अडवणारं काही नसलं की दट्ट्या थेट भिंतीवर आदळतो.

उणिवा? सुरक्षेचा खटका नाही. नळी मोडलेली असताना दुसरा हात नळीवरच ठेवायचा, छर्रा भरून ती बंद होईपर्यंत सोडायचा नाही. घरात लहान मुलं असतील तर एवढ्या एका कारणासाठी नवी घ्या. दुसरं, दुर्बीण लावायची हौस असेल तर स्प्रिंगच्या बंदुकीचा झटका आधी मागे आणि मग पुढे बसतो, साधी दुर्बीण त्यात खिळखिळी होते. मी लोखंडी खाचेवर खूश आहे. धरायचीही सैल, करकचून आवळली की छर्रे विखुरतात.

मिलिंदने शेवटी हट्टाने गॅस पिस्टनची घेतली, शहरातल्याच एका दुकानातून. स्प्रिंगऐवजी कोंडलेला वायू. झटका कमी, तासभर भरून ठेवली तरी थकत नाही, हे फायदे खरे. पण त्याचा सिलिंडर गळायला लागला. तो सीलबंद, ना मला उघडता येईना ना इथल्या कुणाला. बंदूक परत पाठवली, आणि पावसाळा येऊन गेला तरी ती परत आली नाही. दुकानदाराचं उत्तर दर वेळी एकच: ‘‘भाईसाहब, पार्ट आ रहा है.’’ पीसीपी, म्हणजे आधीच दाबून हवा भरून ठेवायची बंदूक म्हणाल तर अचूकतेत तिला तोड नाही. मात्र २०० बार दाबापर्यंत हातपंप मारायचा म्हणजे व्यायामशाळाच, वर जागोजागी रबरी रिंगा आणि पंपाचा वेगळा खर्च.

नवीच घ्यायची तर देशी बनावटीची साधी स्प्रिंगवाली बघा आणि दुकानातच तीन गोष्टी विचारा: स्प्रिंग सुटी मिळते का, सील सुटं मिळतं का, आणि मागचा भाग पिनांनी बसवलाय की वेल्डिंगने. तिसऱ्याचं उत्तर ‘वेल्डिंग’ आलं तर पैसे खिशात ठेवा. जुनी डायना बघायला गेलात तर नळी मोडून बिजागरीशी डावीउजवीकडे हलवून पाहा. तिथे खुळखुळ असेल तर नको. गंज, तडकलेला दस्ता, मेलेली स्प्रिंग हे सगळं दुरुस्त होतं. बंदुकीवर बहुधा महिना-वर्ष ठोकलेलं असतं, तेही वाचून घ्या.

छर्ऱ्यांत कंजुषी करू नका. स्वस्त डबीतले काचेवर घरंगळवून बघा, वाकड्या घेराचे बाकीच्यांपेक्षा वेगळ्या वळणाने जातात, ते बाजूला. आणि विटांच्या भिंतीवर कधीच मारू नका, छर्रा उलटा येतो. मी पत्र्याच्या जुन्या पेटीत चिंध्या कोंबून त्यावर कागद लावतो. मागे शेजाऱ्यांची गच्ची नाही हे आधी पाहिलं, मग पेटी ठेवली.