मींडेसाठी घेतलेली अंगठी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

हाताची हालचाल ओळखून आवाजावर ताबा ठेवणारी माझी मिडी अंगठी (मिडी म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांना सूचना देण्याची भाषा) गेल्या पंधरवड्यात चार्ज होईनाशी झाली. सीमाशुल्कासह ती मला साडेएकोणीस हजार रुपयांना पडली होती.

मी मूळचा पेटीवाला. अलीकडे भजनाला आणि भावगीतांना कीबोर्डवर साथ करतो. पेटीतून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, निघत नाही हा आक्षेप फार जुना आहे. १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, त्यामागच्या कारणांत तोही होता. कीबोर्डचे सूर वर-खाली वाकवणारे पिच बेंडचे चाक माझ्या हातात कधी बसले नाही, म्हणून मनगट हलवून गंधारावरून रिषभावर उतरता येईल या आशेने मी अंगठी डाव्या हातात घातली.

पहिले दोन महिने मनस्तापाचे गेले. मनगट डावी-उजवीकडे फिरवण्यावर मी मींड जोडली होती. वीसेक मिनिटांत मधला बिंदू सरकायचा आणि हात स्थिर असतानाही षड्ज हलकेच चढायचा. तानपुरा चालू असताना हे कानाला सोसवत नाही. अंगठीतला जायरोस्कोप फक्त वळण्याचा वेग मोजतो आणि त्या वेगांची बेरीज करून कोन काढला जातो, त्यामुळे बारीकशी चूकही साचत जाते. चुंबकीय दिशेने ती सुधारावी, तर शेजारच्या स्पीकरमधले चुंबक आडवे येते. शिवाय पंचेचाळीस अंशांत दोन अर्धस्वर बसवले तर एका अंशाला साडेचार सेंटही (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) पडत नाहीत, पण सप्तकभर मींड हवी म्हणून बारा बसवले की अंशाला जवळपास २७ सेंट पडतात आणि हाताचा कंपही ऐकू येतो. या एका दोषापायी मी अंगठी विकायला काढली होती.

ते मत मी नंतर बदलले. एका रियाजात डावा हात सवयीने भाता मारल्यासारखा हलू लागला, तेव्हा मी मींड काढून टाकली आणि मनगट वर-खाली करण्यावर एक्स्प्रेशन, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारा मिडीतला कंट्रोलर क्रमांक ११, जोडला. वर-खाली कललेला कोन गुरुत्वाकर्षणाच्या आधाराने सतत दुरुस्त होत राहतो, त्यामुळे तो सरकत नाही. मनगट उचलले की सूर फुलतो, उतरवले की मावळतो. पेटी सोडल्यापासून रिकामा बसलेला माझा डावा हात पुन्हा वादनात आला. ब्लूटूथमुळे होणारा थोडा उशीर ठेका वाजवताना खटकेल, आवाज फुलवताना मुळीच जाणवत नाही.

आता दुरुस्तीविषयी. पत्रांना कंपनीचे उत्तर आले ते एवढेच, की बॅटरी बदलता येत नाही, नवी अंगठी थोड्या सवलतीत घ्यावी. गल्लीतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने भिंगाखाली पाहून सांगितले, की कवच चिकटवलेले आहे आणि उघडले तर फुटेल. नखाएवढ्या बॅटरीसाठी पुन्हा हजारो रुपये मोजणे मला मान्य नाही, आणि बॅटरी बदलता येत नसेल तर हे विक्रीपूर्वी ठळकपणे सांगायला हवे होते.

सध्या मी जुना एक्स्प्रेशन पेडल जोडून साथ करतो. आवाज कमी-जास्त करण्याचे काम पायाने होते. पण समेच्या आधी गायक श्वास घेतो, तेव्हा सूर जरासा मावळवून पुन्हा उचलणे डाव्या मनगटाला सहज जमत होते, ते पायाला अजून जमलेले नाही.